विहिरीत पडलेली बॅटरी आणि रिपोर्टमधलं ‘बीडीएल’

(हा भाग दिवेआगरला आमच्या घराच्या पडवीत रेकॉर्ड केला आहे. मागे सतत येतो तो आवाज समुद्राचा, मध्येच येतो तो शेजारच्या पंपाचा. लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे, बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)

एरवी आपण या पॉडकास्टवर ॲप, डेटा, नोकऱ्या असल्या गोष्टी बोलतो. आज विषय शिशाचा आहे. शाळेच्या पेन्सिलीतलं नव्हे, त्यात शिसं नसतंच, ग्राफाइट असतं. मी बोलतोय ते खरं शिसं, ज्याला इंग्रजीत लेड म्हणतात. मी केमिस्ट नाही. बी.टेक. करताना पहिल्या वर्षी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं, त्यात मी शेजाऱ्याची रीडिंग्ज उतरवली होती. त्याची परतफेड गेल्या काही महिन्यांत केली असं समजा.

झालं काय, तर ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. तुमच्यातल्या ज्यांचं गाव श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग पट्ट्यात आहे त्यांना ही तारीख सांगावी लागत नाही. आमच्या वाडीतली अर्ध्याहून जास्त पोफळ त्या दुपारी आडवी झाली. विहिरीशेजारी पंपाची शेड होती, तिचे पत्रे उडाले आणि आत फळीवर ठेवलेली इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नाहीशी झाली. एवढ्या गोंधळात बॅटरी कोण शोधतंय? आम्हाला वाटलं, कोणीतरी भंगारात नेली.

ती सापडली गेल्या मे महिन्यात. विहीर उपसायला काढली होती, गाळ वर येत होता, आणि गाळाबरोबर ती आली. कवच फुटलेलं, आतल्या पट्ट्या चिखलात मिसळलेल्या. लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे वजनाने निम्म्याहून जास्त शिसं आणि शिशाची संयुगं. आणि ही इतकी वर्षं आमच्या पिण्याच्या पाण्यात बसून होती.

आजोबा म्हणाले, “आम्ही पाच पिढ्या या विहिरीचं पाणी पितोय, कोणाला काही झालेलं नाही.” त्यातल्या चार पिढ्यांच्या वेळी विहिरीत बॅटरी नव्हती, हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

मी एकटा असतो तर विषय तिथेच संपला असता. पण ताई माहेरी आली होती, सात महिन्यांच्या भाच्याला घेऊन. पहाटे पाचला बाळ उठतं, ताई स्वयंपाकघरात जाते, पाणी घेते, उकळते, कोमट करून त्यात पावडर कालवते. उकळल्याने जंतू मरतात. शिसं मरत नाही. उलट पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं, म्हणजे थोडं घट्टच होतं. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषून घेतं, ते मेंदूच्या वाढीत आडवं येतं, आणि जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट म्हणते की मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही.

मग मी जे कोणीही करेल ते केलं. एका खासगी लॅबला पाणी पाठवलं. आठवड्याने पीडीएफ आली. लेड: बीडीएल. म्हणजे बिलो डिटेक्शन लिमिट. आईने देवापुढे साखर ठेवली.

मी मात्र सवयीने पीडीएफ तळापर्यंत स्क्रोल केली. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं: या पद्धतीची डिटेक्शन लिमिट ०.०५ मिलिग्रॅम प्रति लिटर. आता भारतीय मानक, आयएस १०५००, पिण्याच्या पाण्यात शिशाला मर्यादा देतं ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर. परत ऐका. मर्यादा ०.०१. आणि यांच्या मशीनला ०.०५ च्या खालचं काही दिसतच नाही. म्हणजे आमच्या पाण्यात मर्यादेच्या चौपट शिसं असतं तरी रिपोर्टवर हेच बीडीएल आलं असतं.

कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. तुम्ही लॉगची लेव्हल ‘एरर’वर ठेवली आणि एकही वॉर्निंग दिसत नाही म्हणून सिस्टिम ठणठणीत आहे असं मॅनेजरला कळवलं, तसं हे. नल आणि शून्य यांतला फरक आम्ही इंटरव्ह्यूमध्ये विचारतो, आणि इथे अख्खं घर नलला शून्य समजून साखर वाटत होतं. लॅबला फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, “साहेब, सगळ्यांचे रिपोर्ट असेच जातात. आजवर कोणी विचारलं नाही.”

आधी एक हिशोब करू, म्हणजे आपण केवढ्याशा गोष्टीबद्दल बोलतोय ते कळेल. आमच्या विहिरीचा व्यास साधारण ३ मीटर, उन्हाळ्यात पाणी ३ मीटर. म्हणजे सुमारे २१,००० लिटर. मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. गुणाकार केला तर येतात २१० मिलिग्रॅम. शिसं जड असतं, त्यामुळे २१० मिलिग्रॅमची गोळी केली तर ती होते जेमतेम साबुदाण्याच्या एका दाण्याएवढी. अख्ख्या विहिरीत साबुदाण्याएवढं शिसं विरघळलं की मर्यादा गाठली. बॅटरीत किलोंनी होतं. सगळं विरघळत नाही हे खरं, लेड सल्फेट पाण्यात फार कमी विरघळतं आणि विहिरीचं पाणी झऱ्यांनी बदलत राहतं. पण किती विरघळलं हे अंदाजाने ठरवायची माझी तयारी नव्हती.

शाळेतली एक मैत्रीण मुंबईत रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. तिला फोन केला. मला वाटलं ती म्हणेल, कोटीभराच्या मशीनवर टाकू. आयसीपी-एमएस नावाचं मशीन असतं, ते लिटरमधला नॅनोग्रॅमही मोजतं. ती म्हणाली, “आमच्याकडे ते नाहीये. साधं फ्लेम एए आहे, तुझ्या त्या लॅबकडे असणार तसंच. पण आपण आधी आटवू.”

आटवणं! आमच्या घरात आमसुलांचं आगळ होतं, नारळाचं दूध आटतं, पेण-उरणच्या मिठागरांत अख्खा समुद्र आटवला जातो. मी म्हटलं, मग पातेलं गॅसवर ठेवतो. ती हसली. आणि इथे मला या विषयातली खरी गंमत कळली.

नुसतं आटवलं तर सगळंच आटतं. किनाऱ्यावरच्या विहिरीत थोडं मीठ असतं, कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं. शिसं पन्नासपट झालं तसं मीठही पन्नासपट होणार. समुद्राच्या पाण्यात तर लिटरला ३५ ग्रॅम मीठ आणि शिसं नॅनोग्रॅममध्ये. एवढं मीठ मशीनमध्ये गेलं की बर्नर तुंबतो, शिवाय मिठाच्या धुक्याने प्रकाश अडतो आणि मशीनला वाटतं शिसंच आहे. तेव्हा गोळा करायचं ते फक्त शिसं, आणि मिठाला वाट करून द्यायची. याला म्हणतात प्रीकॉन्सन्ट्रेशन.

त्यासाठी रेझिन असतं. दिसायला रव्यासारखे बारीक मणी. प्रत्येक मण्यावर आयमिनोडायॲसिटेट नावाचे असंख्य छोटे गट. हे गट धातूच्या आयनला दोन-तीन बाजूंनी धरतात. या धरण्याला कीलेशन म्हणतात आणि तो शब्द ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून आलाय. दिवेआगरच्या माणसाला याहून सोपं काय सांगणार? चिंबोरीने बोट धरलं की कसं सोडत नाही, तसं. सोडियमला ही नांगी जवळजवळ धरतच नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमला सैल धरते, त्यांना अमोनियम ॲसिटेटने धुवून काढता येतं. शिसं, कॅडमियम, तांबं यांना घट्ट धरते. आणि नंतर नायट्रिक ॲसिड ओतलं की नांग्या उघडतात, सगळं खाली येतं. समुद्राच्या पाण्यावर ही युक्ती १९६८ साली रायली आणि टेलर यांनी मांडली. म्हणजे आजोबांच्या तरुणपणची गोष्ट.

आमचा हिशोब असा: ५०० मिलिलिटर पाणी, आम्लता नीट जुळवून, त्या रेझिनच्या बारीक नळीतून मिनिटाला २ मिलिलिटरच्या वेगाने सोडायचं. चार तासांहून जास्त लागतात. मग १० मिलिलिटर ॲसिडने उतरवायचं. ५०० चे १०, म्हणजे पन्नासपट. त्याच साध्या मशीनची ०.०५ ची नजर एकदम ०.००१ वर आली. मशीन बदललं नाही, चष्मा पाण्याला लावला.

आता मशीन शिसं ओळखतं कसं? चुलीत मिठाचा खडा पडला की जाळ पिवळा होतो, हे तुम्ही पाहिलंय. वाडीत बोर्डो मिश्रण करताना मोरचुदाची पूड जाळावर उडाली तर हिरवा होतो. प्रत्येक धातूच्या अणूचे स्वतःचे रंग ठरलेले असतात. तापला की ते रंग फेकतो, आणि थंड असेल तर नेमके तेच रंग गिळतो. ॲलन वॉल्श नावाच्या माणसाने ऑस्ट्रेलियात १९५५ साली या दुसऱ्या गोष्टीचा उपयोग केला. शिशाचा दिवा लावायचा, म्हणजे ज्यातून फक्त शिशाच्या अणूचाच प्रकाश येतो असा दिवा. वाटेत ज्वाला, ज्वालेत आपलं पाणी फवाऱ्याने सोडायचं. प्रकाश जितका कमी पोचला तितकं शिसं जास्त. आम्ही २८३.३ नॅनोमीटरची रेषा वापरली. डोळ्यांना दिसत नाही, अल्ट्राव्हायोलेट आहे.

पहिल्या दिवशीचा आकडा: १० मिलिलिटरमध्ये ०.६० मिलिग्रॅम प्रति लिटर. भागिले पन्नास. लिटरला १२ मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या वर.

माझे हात गार पडले. फोन काढला, ताईला सांगायला. मैत्रीण म्हणाली, “थांब. ब्लँक बघू दे.”

ब्लँक म्हणजे काहीच नसलेलं पाणी. अतिशुद्ध पाणी, तेच ॲसिड, तीच नळी, तीच बाटली, तेच चार तास. फक्त विहीर नाही. त्याचा आकडा आला ०.४५. म्हणजे ‘काहीच नाही’मध्ये लिटरला ९ मायक्रोग्रॅम शिसं! मी म्हटलं, वजा कर ना, १२ वजा ९, उरले ३, सुटलो. ती चिडली. म्हणाली, “ज्याचा ब्लँक एवढा मोठा, त्याच्या वजाबाकीवर विश्वास ठेवायचा? उद्या ब्लँक ५ आला तर ७ म्हणशील.”

आटवण्याची ही किंमत आहे. पन्नासपट शिसं आपलंच होतं असं नाही, रसायनांतलं, धुळीतलं, बाटलीतलंही गोळा होतं. क्लेअर पॅटरसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचं याच भुताने आयुष्य बदललं. तो उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढत होता, १९५६ मध्ये त्याने ते काढलंही, सुमारे ४५५ कोटी वर्षं. पण मोजमाप करताना प्रत्येक गोष्टीत शिसं सापडायचं. हवेत, भांड्यांत, माणसांच्या केसांत. त्याने खोलीच वेगळी बांधली, सगळं ॲसिडने धुतलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ही घाण पेट्रोलमधून येतेय. पुढची कित्येक वर्षं तो पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध भांडला. आपल्याकडे देशभर शिसेमुक्त पेट्रोल २००० साली आलं.

आमचं भूत सापडलं अमोनियम ॲसिटेटमध्ये. साध्या ग्रेडचं होतं. तिने ते द्रावणच आधी वेगळ्या रेझिनमधून गाळून घेतलं, बाटल्या दोन दिवस ॲसिडमध्ये बुडवून ठेवल्या. ब्लँक ०.०३ वर आला. मग आणखी एक परीक्षा: विहिरीच्या पाण्यात आपणच मोजून ५ मायक्रोग्रॅम शिसं टाकायचं आणि परत मिळतं का बघायचं. शंभरातले ९४ परत मिळाले. टेस्ट केस पास. ब्लँक आणि ही परत मिळण्याची टक्केवारी, या दोन गोष्टी न सांगता कोणी तुम्हाला आकडा सांगितला तर तो आकडा कितीही दशांशांचा असो, मी तरी धरणार नाही.

यावरून आठवलं, २०१५ चं मॅगी प्रकरण. एका सरकारी लॅबने १७.२ पीपीएम शिसं सांगितलं, मर्यादा २.५ होती, देशभर बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये बंदी उठवताना जे बोट ठेवलं त्यात मोठा मुद्दा हाच होता की चाचण्या रीतसर मान्यताप्राप्त लॅबमध्ये झाल्या नव्हत्या. पुन्हा तपासणी मोहाली, जयपूर आणि हैदराबादला झाली आणि शिसं मर्यादेत निघालं. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि हॉस्टेलवर आम्हाला फक्त एवढंच कळलं की मॅगी परत आली.

तर दुसऱ्या फेरीचा निकाल. विहीर: लिटरला २.६ मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या चांगलं खाली. बॅटरीने गाळात बसून फार सोडलं नव्हतं. मी बॅग उचलली, निघालो. तर ती विचारते, “बाळाची बाटली कुठल्या पाण्याने भरतात?”

स्वयंपाकघरातल्या नळाच्या.

“मग विहिरीचं का आणलंस?”

मंडळी, मी सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्ट करतोय. युजर जिथे बटन दाबतो तिथे टेस्ट करा, हे मी ज्युनियर पोरांना शिकवतो. आणि मी सर्व्हरवर टेस्ट करून घरी चाललो होतो.

पुढच्या खेपेला पहाटे पाचला उठून नळाचं पहिलं पाणी भरलं, ताईच्या आधी. मग नळ दोन मिनिटं सोडून दुसरी बाटली. निकाल: दोन मिनिटांनंतरचं ३.४. पहिलं पाणी १८.४.

कारण नळ. पितळेचा, स्वस्तातला, वादळानंतर घाईने बसवलेला. पितळ लेथवर सहज कापलं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालायची पद्धत आहे. रात्रभर पाणी नळात आणि जोडण्यांत उभं राहतं, आमचं तर किंचित खारं, ते धातूला जास्त खातं. सकाळचा पहिला पेलाभर जो येतो त्यात रात्रीची सगळी कमाई असते. आणि आमच्या घरात तो पहिला पेला ज्याला मिळत होता त्याचं वजन साडेसात किलो.

ताईला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी उकळत होते रे रोज.” त्यावर काय बोलणार? डॉक्टरांनी बाळाच्या रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. या वेळी सुई टोचण्याआधी मी लॅबला डिटेक्शन लिमिट विचारली. काउंटरवरच्या मुलीने आतून कोणालातरी बोलावलं. रिपोर्ट आला: डेसिलिटरला २.३ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या सीडीसीचा संदर्भ आकडा ३.५ आहे, त्याच्या खाली. डॉक्टर म्हणाले, स्रोत बंद करा, लोह आणि कॅल्शियम नीट मिळू दे, तीन महिन्यांनी परत बघू. आता ताई पिण्याचं पाणी आरओचं घेते. फक्त यूव्हीचा फिल्टर शिशाला काही करत नाही, हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतोय.

मागच्या पोस्टवर बऱ्याच जणांनी माशांतल्या पाऱ्याबद्दल विचारलंय. मासे मी मोजलेले नाहीत, त्यामुळे सुरमई खा की नको हे मी सांगणार नाही. पण पारा मोजायची रीत सांगतो, कारण ती ऐकून दिवेआगरच्या माणसाला हसू येईल. पारा हा एकच धातू जो साध्या तापमानाला वाफ होऊन उडतो. त्यामुळे पाण्यात टिन क्लोराइड घालून त्याला मोकळा करतात, वायूच्या बुडबुड्यांबरोबर बाहेर काढतात आणि तो वायू सोन्यावरून नेतात. पारा सोन्याला चिकटतो. पुरेसा जमला की सोनं तापवायचं, सगळा पारा एका झटक्यात सुटतो आणि २५३.७ नॅनोमीटरवर मोजला जातो. इथे गोळा करणारी नांगी म्हणजे सोनं. आमच्या गावात १९९७ साली एका वाडीत तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती सापडला, २०१२ मध्ये दोन पहारेकऱ्यांचा जीव घेऊन चोरांनी तो पळवला आणि वितळवला. सोन्याचा विषय निघाला की इथे अजून सगळे गप्प होतात. पण सोन्याचा हा उपयोग मी आजोबांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ ऐकत होते.

आणि पारा ही आपल्यापासून लांबची गोष्ट नाही. मिनामाटा जपानमध्ये, १९५६. पण गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर १९८१ मध्येच शोधनिबंध लिहिला होता. क्लोरीन आणि कॉस्टिक बनवणारे जुने कारखाने पाऱ्याचा वापर करायचे, त्या काळची गोष्ट. खाडीच्या चिखलात अशा नोंदी पुढेही बसून राहतात. त्यावर स्वतंत्र भाग करू, कोणीतरी मोजणारा माणूस घेऊन.

तर सध्या परिस्थिती अशी. जुना नळ काढला, नवीन स्टीलचा बसवला. प्लंबर म्हणाला, पितळेचा काय वाईट होता, चांगला जड होता. जुना नळ आईने फळीवर ठेवलाय, भंगारवाला शंभर रुपये देतोय आणि ती दीडशेवर अडून बसली आहे. आणि माझ्या सॅकमध्ये आज पहाटे भरलेल्या तीन बाटल्या आहेत: नवीन नळाचं पहिलं पाणी, दोन मिनिटांनंतरचं, आणि प्रवासाचा ब्लँक, म्हणजे शुद्ध पाण्याची एक बाटली जी फक्त माझ्याबरोबर फिरते. तिन्हीत दोन थेंब ॲसिड, नाहीतर शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं. बोर्ली पंचतनहून दुपारची एसटी आहे. गेल्या वेळी कंडक्टरने विचारलं होतं, काय आहे बाटल्यांत? मी म्हटलं, पाणी. तो म्हणाला, मग एक द्या, तहान लागलीय.

सोमवारी आकडे आले की खाली कमेंटमध्ये टाकतो. ब्लँकसकट.